वरून दाखवायचाच, तर अख्खा विदर्भ दाखवा

विदर्भाच्या पर्यटनासाठी तयार होणाऱ्या चित्रफिती आता जवळजवळ सगळ्याच आकाशातून घेतलेल्या असतात. पहाटेच्या धुक्यातलं ताडोबा, रामटेकचा गड आणि त्याच्या पायथ्याशी चमकणारं खिंडसीचं पाणी, दीक्षाभूमीचा शुभ्र स्तूप, लोणारचं विवर आणि अलीकडे हमखास, आंभोऱ्याचा केबलवर तोललेला पूल. ही दृश्यं खोटी नाहीत आणि मला ती मनापासून आवडतात. ज्या भागाची ओळख उर्वरित महाराष्ट्राला फक्त ऊन, संत्री आणि आत्महत्या एवढीच होती, त्या भागाचं देखणेपण जगासमोर येतंय याचा आनंदच आहे. पण सरकारी खर्चाने ‘आपला विदर्भ’ म्हणून जे आकाशदर्शन घडवलं जातं, त्यात कोळसा खाणींचं उमरेड नसतं. तसंच घुग्घुस नसतं. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांची राख साठवणारे राखड बंधारे नसतात, गडचांदूरच्या चुनखडीच्या खाणी नसतात, लोखंडाच्या खाणीचा सूरजागडचा डोंगर नसतो.

माझं म्हणणं असं की, सार्वजनिक पैशाने आपली भूमी वरून दाखवायची असेल तर ती पूर्ण दाखवली पाहिजे. आणि खाणींची जी हवाई चित्रं सरकारी कार्यालयांत कायद्यानेच जमा होतात, ती लोकांसाठी खुली झाली पाहिजेत. नागपुरातून ही मागणी व्हायला हवी, कारण त्यातली बरीचशी चित्रं नागपुरातच येऊन पडतात.

एका हवाई माहितीपटाने काय होऊ शकतं, याचं सगळ्यात ठोस उदाहरण तैवानचं आहे. तिथला ची पो-लिन हा छायाचित्रकार वीस वर्षांहून अधिक काळ महामार्ग बांधणाऱ्या सरकारी खात्यात नोकरीला होता. काम होतं बांधकामाची हवाई छायाचित्रं काढण्याचं. हेलिकॉप्टरमधून रस्ते टिपताना रस्त्यांच्या आजूबाजूचंही त्याला दिसत गेलं. डोंगरउतारावर वर वर चढत गेलेली हॉटेलं, पोखरलेले कडे, कारखान्यांच्या खाली रंग बदलणाऱ्या नद्या. २००९ च्या ऑगस्टमध्ये मोराकोट वादळात तिथले डोंगर अक्षरशः खचले, तेही त्याने वरून पाहिलं. पेन्शन तीन वर्षांवर आली असताना त्याने नोकरी सोडली, घर गहाण टाकलं आणि संपूर्णपणे आकाशातून चित्रित केलेला पूर्ण लांबीचा माहितीपट केला. ‘बियाँड ब्यूटी: तैवान फ्रॉम अबव्ह’ २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये चित्रपटगृहांत लागला. कथा नाही, नट नाहीत, तरी लोकांनी तिकिटं काढून तो पाहिला. तोवरच्या तैवानी माहितीपटांमध्ये सर्वाधिक कमाई त्याने केली, गोल्डन हॉर्स पुरस्कार मिळवला, आणि पडद्यावर दिसलेल्या प्रश्नांचा पाठपुरावा करायला तिथल्या पंतप्रधानांना वेगवेगळ्या खात्यांचा संयुक्त गट नेमावा लागला.

या माहितीपटाची रचना मला फार महत्त्वाची वाटते. सुरुवातीचा बराच वेळ तो फक्त सौंदर्य दाखवतो. ढगांतून वर आलेली शिखरं, भातशेती, समुद्रकिनारा. प्रेक्षक आपल्या भूमीच्या प्रेमात पडला की कॅमेरा हळूच जखमांकडे वळतो. आधी प्रेम, मग वेदना. नुसत्या जखमा दाखवल्या असत्या तर लोकांनी मान फिरवली असती आणि नुसतं सौंदर्य दाखवलं असतं तर ती पर्यटन खात्याची जाहिरात झाली असती.

जून २०१७ मध्ये दुसऱ्या भागाचं चित्रीकरण सुरू असताना हेलिकॉप्टर कोसळून ची पो-लिन, त्याचा सहायक आणि वैमानिक असे तिघेही गेले. मृत्यूच्या काही दिवस आधी त्याने तारोकोजवळच्या एका सिमेंट कंपनीच्या खाणीचं नवं छायाचित्र समाजमाध्यमावर टाकलं होतं. पाच वर्षांपूर्वीच्या तुलनेत खाण आणखी खोल गेली आहे, असं त्याचं निरीक्षण होतं. त्याच खाणीला त्याच वर्षी मार्चमध्ये सरकारने वीस वर्षांची मुदतवाढ दिली होती. त्या छायाचित्राने देश हलला आणि मुदतवाढीविरुद्धच्या निवेदनावर दोन लाखांहून अधिक सह्या झाल्या. मुदतवाढीची बातमी लोकांनी तोवर वाचलेली होतीच, पण खाण केवढी आहे हे त्यांना त्या दिवशी दिसलं.

आपल्याकडे हे दिसत नाही, त्याचं कारण अगदी साधं, भौगोलिक आहे. नागपूरहून बल्लारशाकडे जाताना माजरीच्या आसपास गाडीच्या खिडकीतून टेकड्या दिसू लागतात. माथा सपाट, उतार एकसारखा, त्यावर सुबाभूळ आणि विलायती बाभळीची झुडपं. गाडीतली मुलं ‘डोंगर, डोंगर’ म्हणून बोट दाखवतात. ते डोंगर नाहीत. कोळशापर्यंत पोचण्यासाठी वरची जी माती-खडक काढून टाकतात, त्या ओबीचे (ओव्हरबर्डनचे) ते ढिगारे आहेत. खाणीचा खड्डा त्यांच्या पलीकडे आहे, आणि खड्ड्यातून निघालेला ढिगाराच खड्ड्याला रस्त्यावरून, रेल्वेतून, गावातून झाकून टाकतो. राखड बंधाऱ्याचंही तसंच. खालून फक्त मातीची उंच पाळ दिसते, पाळीच्या आत काय आणि किती आहे ते दिसत नाही. विदर्भातल्या जमिनीचे हे सगळ्यात मोठे बदल जमिनीवर उभं राहून पाहताच येत नाहीत. जंगल, गड, तलाव खालूनही दिसतात, तिथे हवाई कॅमेरा ही हौस आहे. खाणीच्या बाबतीत मात्र ती गरज आहे.

जे दिसत नाही ते अंगावर येतं तेव्हाच कळतं. खापरखेड्याच्या बाजूच्या गावांत वैशाखात वारा सुटला की अंगणात वाळत घातलेल्या कुरड्या-पापडांवर जुनं पातळ झाकावं लागतं, नाहीतर संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर करड्या राखेचा थर बसतो. तुळशीच्या पानावर बोट फिरवलं तर बोटाला राखड लागते. जुलै २०२२ च्या मुसळधार पावसात खसाळ्याचा राखड बंधारा फुटला, तेव्हा तीच राखड चिखल होऊन शेतांत शिरली, कोलार आणि कन्हान नदीत उतरली. कन्हानचं पाणी नागपूर पितं. त्या आठवड्यात शहरातल्या कितीतरी लोकांना, आपल्या पाण्याच्या वरच्या अंगाला एवढा मोठा राखेचा साठा आहे हे पहिल्यांदा कळलं. बंधारा फुटायच्या आधी एकदा तरी त्यांनी तो वरून पाहिलेला असायला हवा होता.

आता नागपूरच्या जबाबदारीकडे येतो. देशाकडे वरून, नकाशाच्या नजरेने पाहण्याचा या शहराचा वारसा जुना आहे. १८०२ मध्ये मद्रासपासून भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला हात घालणारा विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये नागपूरकडे येताना हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथेच आहे. त्याच सर्वेक्षणाची खूण म्हणून १९०७ मध्ये उभारलेला झिरो माईलचा स्तंभ आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो. आज याच शहरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे, इस्रोचं मध्य विभागीय सुदूर संवेदन केंद्र आहे, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था आहे, पर्यावरण संशोधन करणारी नीरी आहे. भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय इथे, वेस्टर्न कोलफिल्ड्सचं इथे, मँगनीज काढणाऱ्या मॉइलचंही इथेच. खणणारे, खणण्यावर देखरेख ठेवणारे आणि उपग्रहातून पाहणारे असे सगळे सिव्हिल लाइन्स, अमरावती रोड, काटोल रोड आणि दक्षिण अंबाझरी रोडच्या परिसरात, दुचाकीवर अर्ध्या तासात फिरून होईल एवढ्या अंतरात आहेत. देशातल्या दुसऱ्या कुठल्या शहरात अशी गर्दी असेल असं मला वाटत नाही.

आणि चित्रं तर आहेतच. खनिज संवर्धन व विकास नियमांत २०२१ मध्ये झालेली दुरुस्ती वाचा. ज्या खाणपट्ट्यात वर्षाला दहा लाख टन किंवा अधिक उत्खननाचा आराखडा आहे, किंवा ज्याचं क्षेत्र ५० हेक्टर किंवा अधिक आहे, त्या पट्टेदाराने दरवर्षी ड्रोनने सर्वेक्षण करून पट्ट्याची आणि हद्दीबाहेरच्या १०० मीटरपर्यंतच्या जमिनीची चित्रं खाण ब्युरोला द्यायची आहेत. बाकीच्यांनी उपग्रहाची स्पष्ट चित्रं द्यायची. त्याआधी २०१६ मध्येच खाण ब्युरोने उपग्रहाच्या मदतीने पट्ट्याभोवतीच्या ५०० मीटरमधल्या बेकायदा उत्खननावर नजर ठेवणारी यंत्रणा सुरू केली. म्हणजे तुमसरजवळच्या डोंगरी बुजुर्गचं मँगनीज असो, गडचांदूरची चुनखडी असो की सूरजागडचं लोखंड, यांच्यावरून दरवर्षी कॅमेरा फिरलाच पाहिजे असा नियम आहे. कोळसा या नियमाखाली येत नाही. पण खुल्या कोळसा खाणींची किती जमीन पूर्ववत केली, हे उपग्रहचित्रांवरून तपासण्याची पद्धत तिथेही आहे आणि तिचे इंग्रजी अहवाल जाहीर होत आले आहेत.

मग घोडं अडलं कुठे? वरची चित्रं खाणीपासून कार्यालयात जातात, तिथून खाणीशेजारच्या गावात परत येत नाहीत. गडचांदूरच्या शेतकऱ्याच्या बांधापलीकडे गेल्या पाच वर्षांत खाण किती सरकली, याचं चित्र सरकारकडे आहे, कंपनीकडे आहे, फक्त त्याच्याकडे नाही. त्याला ते हवं असेल तर अर्ज करावा लागतो, आणि अर्ज करायला मुळात असं चित्र असतं हे ठाऊक असावं लागतं.

गावाला हवाई चित्राची भाषा कळत नाही, हा समज स्वामित्व योजनेने मोडीत काढलाय. २०२० पासून या योजनेत गावठाणांचं ड्रोनने मोजमाप होतंय. मोजणीच्या आदल्या दिवशी लोक आपापल्या घराच्या, वाड्याच्या, गोठ्याच्या हद्दीवर चुन्याने रेघ आखतात, म्हणजे वरून ती नीट दिसावी. त्या रेघेवरून भावाभावांत, शेजाऱ्यांत वादही होतात, सरपंच मध्ये पडतो, रेघ अर्धा हात सरकते. ड्रोन उडून गेला की काही महिन्यांनी नकाशा येतो, त्यावर हरकती घेतल्या जातात आणि मग मिळकत पत्रिका हातात पडते. ज्या माणसाने स्वतःच्या हाताने चुन्याची रेघ मारून आकाशातून आपलं घर मोजून घेतलं, त्याला शेजारच्या खाणीचं चित्र समजणार नाही असं कोण म्हणेल?

या मागणीवरचे आक्षेप मला ठाऊक आहेत. त्यातला सुरक्षेचा आक्षेप मी फार लांबवणार नाही. नागपुरात हवाई दलाचा मेंटेनन्स कमांड आहे, आयुध निर्माणी आहे, विमानतळ आहे. तिथे निर्बंध हवेतच आणि २०२१ च्या ड्रोन नियमांत लाल-पिवळ्या-हिरव्या क्षेत्रांची आखणी त्यासाठीच आहे. पण युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची १० मीटर तपशिलाची चित्रं जगात कुणालाही फुकट उतरवून घेता येतात आणि दर काही दिवसांनी नवी येतात. लँडसॅटचा साठा तर १९७२ पासूनचा आहे. परदेशातला विद्यार्थी बसल्या जागी उमरेडची खाण पाहू शकतो, मग ती उमरेडकरांपासून लपवून कुठली सुरक्षा साधणार?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो कलेचा आहे. वरून पाहिलं की सगळंच सुंदर दिसतं. राखड बंधाऱ्यावर सांडपाण्याच्या रेषा रुप्याच्या नक्षीसारख्या पसरतात, खाणीच्या पायऱ्या एखाद्या प्राचीन बारवेसारख्या भासतात. आंभोऱ्याचंच घ्या. त्या पुलाच्या चित्रफितींत खाली पसरलेली हिरवाई किती मोहक दिसते! त्या हिरवाईचा पुष्कळसा भाग म्हणजे इकॉर्निया, जलपर्णी. लाव्याच्या टेकड्यांतून निघणारी आपली नाग नदी शहराची घाण घेऊन पिवळी नदीसह कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला मिळते आणि ते सगळं या पुलाखालच्या गोसीखुर्दच्या जलाशयात जाऊन साचतं. त्या साचलेल्या घाणीवर ही जलपर्णी पोसली जाते. तिच्याखाली मासा जगत नाही, तिच्यातून डोंगा पुढे जात नाही, ढिवरांची जाळी तिच्यात अडकून फाटतात. चित्रफीत पाहणाऱ्याला मात्र मखमल दिसते.

म्हणून नुसता कॅमेरा वर नेऊन भागणार नाही. कॅमेऱ्यासोबत बोलणारा आवाज कुणाचा, यावर सगळं अवलंबून आहे. मला विदर्भाचा माहितीपट हवा तो असा: चित्र वरून आणि आवाज खालून. गोसीखुर्दवर कॅमेरा फिरत असताना पवनीच्या बाजूचा ढिवर झाडीबोलीत सांगतोय की पूर्वी इथे कुठला मासा कुठल्या महिन्यात लागायचा. वर्धा नदीकाठच्या खाणीवर कॅमेरा आहे आणि वणीकडची बाई वऱ्हाडीत सांगतेय की ब्लास्टिंगचा भोंगा झाला की ती फळीवरची भांडी आधी उतरवून ठेवते. सूरजागडवर गोंडी ऐकू यावी, खाली मराठी अक्षरं असावीत. वरून माणसं ठिपक्याएवढी दिसतात हा दोष खराच आहे. तैवानच्या माहितीपटानेही तो ओळखला असावा. त्याच्या शेवटाकडे ३,९५२ मीटर उंचीच्या युशान शिखरावर तिथल्या आदिवासी समाजाची मुलं उभी राहून गातात.

वरून पाहण्यात फक्त जखमाच दिसतील असंही नाही. भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूरच्या पूर्व भागावरून पावसाळ्यानंतर विमान गेलं तर खाली आरशाचे तुकडे विखुरलेले दिसतात. ते माजी मालगुजारी तलाव आहेत, आपण ज्यांना मामा तलाव म्हणतो. कोहळी समाजाने काही शतकांपूर्वी जमिनीचा उतार नेमका ओळखून ते बांधले. एका तलावाचं जास्तीचं पाणी खालच्या तलावात, तिथून त्याच्या खालच्या तलावात अशी ती सांगड आहे. जमिनीवरून एकेक तलाव सुटा दिसतो आणि मग त्यातला एखादा बुजवून तिथे ले-आउट पाडणं सोपं वाटतं. पूर्ण साखळी एकदा वरून पाहिली की, कुठली कडी काढली तर कुणाच्या भाताच्या बांधीतलं पाणी तुटेल हे लगेच कळतं. ज्यांच्याकडे उपग्रह तर सोडाच, कागदी नकाशाही नव्हता, त्या माणसांनी हे मनात पाहिलं होतं. आपल्या मुलांना ते दिसावं म्हणून तरी हा माहितीपट व्हावा.

आणि आपण शहरवाले. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून वाहिला आणि अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउटमधली माणसं झोपेतून पाण्यात उठली. त्यानंतर विसर्गमार्गासमोर काय बांधलंय, नाग नदीचं पात्र कुठे किती आवळलंय, यावर न्यायालयात तारखा झाल्या, अहवाल झाले. तलाव, सांडवा, सांडव्यासमोरचं बांधकाम, पात्र आणि पात्राला खेटलेल्या भिंती हे सगळं एका हवाई दृश्यात मावतं. असं दृश्य दर पावसाळ्याआधी नागपूरकरांपुढे ठेवायला महापालिकेला कुणाची परवानगी हवी आहे? चंद्रपूरकरांचं दुःखही हेच आहे. इरई नदीच्या काठाला लागलेले ओबीचे ढिगारे आणि शहरात शिरणारा पूर यांचा संबंध ते वर्षानुवर्षं सांगत आले आहेत.

राहिला विकासाचा प्रश्न. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं आहे, कोराडी-खापरखेडा वेगळं. या विजेवर अख्खा महाराष्ट्र चालतो, मुंबई-पुण्याचे कारखाने चालतात, हा लेख वाचताना तुमच्या हातातला फोनही कदाचित त्याच कोळशावर चार्ज झालेला असेल. खाणी बंद करा असं मी म्हणत नाही. हजारो घरं त्यांवर चालतात, त्यात माझ्या नात्यातलीही आहेत. पण म्हणूनच हा माहितीपट मुंबई-पुण्यातही दाखवला गेला पाहिजे. वीज कुठून येते आणि तिथल्या जमिनीचं काय होतं, हे वापरणाऱ्याला माहीत असायला हवं. विदर्भातल्या जनतेने प्रदूषण सोसायचं आणि वर आपलं फक्त जंगलाचं चित्र दाखवून स्वागत करायचं, ही वाटणी मला मान्य नाही.

तो दाखवायचा कुठे, याचीही मला चिंता वाटत नाही. दिवाळीनंतर पूर्व विदर्भात गावोगाव मंडई भरते, धानाची कापणी झाली की झाडीपट्टीची नाटकं रात्र रात्र चालतात, एकेका प्रयोगाला हजारो माणसं बसतात. नाटकाआधी अर्धा तास पडदा लावला तर लोक उठून जाणार नाहीत.

मात्र सगळ्यात आधी तो जनसुनावणीत दाखवला पाहिजे. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार नवी खाण किंवा मोठा प्रकल्प येण्याआधी त्या परिसरात सुनावणी घ्यावी लागते, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्ष असतात. कोळसा खाणींच्या विस्ताराला ठरावीक मर्यादेपर्यंत या सुनावणीतून सूट देणारे आदेशही निघाले आहेत, म्हणजे जी सुनावणी होते तिचं मोल आणखी वाढतं. अधिसूचनेप्रमाणे अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यायचा असतो आणि संपूर्ण कामकाजाचं चित्रीकरण करायचं असतं. मंडपात उठून बोलणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याचा, प्रत्येक बाईचा व्हिडिओ सरकारदरबारी जातो. त्यांच्या जमिनीचा व्हिडिओ मात्र त्यांना दाखवावा, असं कुठे लिहिलेलं नाही. एवढी एक ओळ नियमात घालता येईल: सुनावणी सुरू होण्यापूर्वी, त्याच कंपनीच्या किंवा त्याच परिसरातल्या सुरू असलेल्या खाणीचं दहा वर्षांपूर्वीचं आणि आजचं हवाई चित्र, मराठी निवेदनासह, मंडपातल्या पडद्यावर वीस मिनिटं दाखवावं, आणि नवा पट्टा कुठून कुठपर्यंत जाणार आहे ती रेघ त्याच चित्रावर आखावी. चित्रं नागपुरात आहेत, ती वाचणारे तज्ज्ञ नागपुरात आहेत, आणि हिवाळी अधिवेशनाला सरकारही दर डिसेंबरात नागपुरातच असतं. विदर्भातल्या आमदारांनी ही मागणी पुढच्या अधिवेशनात ठरावाच्या रूपात मांडावी.